वाट चुकलेल्या वडीलधाऱ्यांचा आसरा

ठाण्याच्या परिसरांत मानपाडा या नांवाचीं दोन ठिकाणें आहेत, हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. एक ठाण्यांतलें, घोडबंदरच्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें. दुसरें डोंबिवलींतलें, स्टेशनापासून शिळच्या रस्त्याकडे जातांना लागणारें. दोहोंच्या मध्यें खाडी आहे आणि पारसिकचा डोंगर आहे. पत्ता लिहिणारा मनुष्य गांवाच्या नांवापुढें शहराचें नांव घालतो, म्हणून सहसा घोटाळा होत नाहीं. परंतु ज्याच्या मनांतील पत्त्यांतून शहराचें नांव गळून गेलें आहे, अशा मनुष्याचें काय होतें, हें मीं माझ्या घरांत पाहिलें.

आमचे नाना तीस वर्षें डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर राहिले. आई गेल्यावर मीं त्यांना ठाण्यांत, मानपाड्याच्या माझ्या बिऱ्हाडीं आणलें. पुढें दोन-तीन वर्षांत त्यांची स्मृति क्षीण होत चालली. दिवेलागणीच्या सुमारास ते काठी घेऊन उठत आणि म्हणत, “चला, मला मानपाड्याला जायचें आहे.” आम्ही म्हणत असूं, “नाना, हें मानपाडाच आहे.” त्यावर ते आमच्याकडे अशा नजरेनें पाहात कीं, जणूं आम्हीच भ्रमिष्ट झालों आहोंत. एके दिवशीं दुपारीं दार उघडें राहिलें आणि नाना निघून गेले. रात्रीं अकरांच्या सुमारास डोंबिवलीच्या पोलिसांचा निरोप आला. आपल्या जुन्या चाळीच्या जागीं जी सात मजल्यांची इमारत उभी राहिली आहे, तिच्या पायरीवर ते बसले होते. कोणा रिक्षावाल्यानें त्यांना सांगितलेल्या पत्त्यावर बिनचूक पोंचविलें होतें. पत्ता खोटा नव्हता. तो केवळ जुना झाला होता.

त्या रात्रीनंतर आम्हां उभयतांना कळून चुकलें कीं, नानांवर दिवसरात्र नजर ठेवणें आपल्या हातून होणारें नाहीं. आम्ही दोघेंहि नोकरीला जाणारीं, मुलें शाळेंत. त्यांच्यासाठीं एखादें योग्य निवासस्थान शोधावें, असें ठरलें. ही बातमी आत्याच्या कानीं गेली. तिनें मला टेलिफोनवर एवढेंच विचारलें, “दादाला तूं ठाण्याला टाकणार होय रे?”

आम्ही ठाण्यांतच राहात होतों! तरी आत्याचें बोलणें मला लागलें. कारण ‘ठाण्याला टाकणें’ म्हणजे काय, हें मुंबईपासून कल्याणपर्यंत कोणालाहि सांगावें लागत नाहीं. पुणेकर ज्या अर्थानें येरवड्याचें नांव घेतात, त्याच अर्थानें मुंबईकर ठाण्याचें नांव घेत आले. एका शहराच्या नांवाला हा अर्थ कसा चिकटला आणि आपल्या वडीलधाऱ्यांसाठीं आसरा शोधतांना तो अजून आपल्या वाटेंत कसा आडवा येतो, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम आपल्या जुन्या घरांकडे वळूं या. वृद्धपणीं बुद्धि चळणें ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्या भाषेंत आहे. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण तर आजहि घरोघरीं ऐकूं येते. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे. परंतु घरांत वैद्यापेक्षां म्हणीचा अधिकार मोठा. या म्हणीनें म्हाताऱ्याला हंसत हंसत क्षमा केली, हा तिचा गुण. आणि हा रोग नव्हे, हा वयाचा धर्म आहे असें ठरवून त्याच्यावरील उपायांचा विचारच थांबविला, हा तिचा दोष.

पूर्वींच्या एकत्र कुटुंबांत अशा माणसांचें सर्व कांहीं यथास्थित होत असे, असें आपण म्हणतों. त्यांत तथ्य आहे, पण तें पुरतें तपासून घेतलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याहि खालीं होतें. बालमृत्यु फार, म्हणून ही सरासरी इतकी उतरलेली होती हें खरें. तरीहि सत्तरी-पंचाहत्तरी गांठणारीं माणसें आजच्या मानानें थोडीं होतीं, यांत संशय नाहीं. ज्या घरांत असें एखादें माणूस असे, त्या घराला ओटी होती, पडवी होती, परसू होतें. म्हातारा उठून चालूं लागला तरी तो गांवांतच फिरे, आणि गांवांतला प्रत्येक जण त्याला ओळखत असे. भिंती घालण्याची गरज नव्हती. ओळख हेंच कुंपण होतें. आज आमच्या इमारतींत सत्तर बिऱ्हाडें आहेत. नाना फाटकांतून बाहेर पडले, तेव्हां पहारेकऱ्यानें त्यांना नमस्कार केला व दार उघडून दिलें. त्याची कांहीं चूक नव्हती. त्यानें एक सभ्य वृद्ध गृहस्थ पाहिला.

दुसरी गोष्ट मनाला न रुचणारी आहे. त्या घरांतलें हें सारें करीत कोण होतें? म्हाताऱ्याचीं धोतरें धुणें, त्याला घांस भरविणें, रात्रीं तो ओरडूं लागला म्हणजे उठणें, हीं कामें सुनेच्या आणि घरांत आश्रयाला असलेल्या विधवा आत्येच्या किंवा काकूच्या अंगावर पडत. त्यांना कोणी विचारलें नव्हतें आणि त्यांना नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. आपण ज्याला कुटुंबाची सेवावृत्ति म्हणतों, तिच्यांतला मोठा भाग या मूक स्त्रियांच्या श्रमाचा होता. आज ती काकू नाहीं आणि सून कचेरींत जाते. यांत समाजाचा अधःपात झाला असें मला वाटत नाहीं. मात्र तें काम कोणी करावयाचें, हा प्रश्न उघडा पडला आहे.

ज्यांना घर नव्हतें, त्यांना तीर्थक्षेत्रांतल्या धर्मशाळा आणि भिक्षा यांचा आधार. मुंबईंत १८३४ सालीं पांजरपोळ निघाला आणि भाकड व जराजर्जर जनावरांना हक्काची जागा मिळाली. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या देणगींतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निराधार व पंगु माणसांसाठीं आश्रयगृह उभें राहिलें. तें आज ‘निवारा’ या नांवानें ओळखलें जातें. परंतु ज्याचे हातपाय धड आहेत, ज्याला मुलेंबाळें आहेत, पण ज्याची स्मृतीच गेली आहे, अशा वृद्धाला या व्यवस्थेंत जागा नव्हती. तो निराधारहि नव्हता आणि पंगुहि नव्हता. त्याच्यासाठीं एकच दार उरत असे, आणि तें वेड्यांच्या इस्पितळाचें.

मुंबई बेटांत वेड्यांसाठीं निराळी जागा अठराव्या शतकाच्या मध्यापासून होती. पुढें कुलाब्यास इस्पितळ झालें. १८५८ सालीं यासंबंधीं कायदा झाला. कुलाब्याची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां शहराबाहेर, मोकळ्या हवेच्या, पण आगगाडीनें सहज गांठतां येईल अशा ठिकाणाचा शोध सुरू झाला. ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालींच आलेली होती. ठाण्यास नौपाड्याच्या बाजूस १९०१ सालीं मोठें इस्पितळ उभें राहिलें आणि त्याला नरोत्तमदास माधवदास यांचें नांव देण्यांत आलें. तेव्हांपासून मुंबईच्या बिऱ्हाडांतून, चाळींतून आणि पोलिसचौक्यांतून माणसें ठाण्याला येऊं लागलीं, व ‘ठाणें’ या शब्दाला तो दुसरा अर्थ चिकटला.

१९१२ सालच्या कायद्यानें तेथें जाण्याची वाट आंखून दिली. नातलगानें मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावयाचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें माणूस आंत घेतला जावयाचा. भटकतांना सांपडलेल्या माणसाला पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, अशीहि तजवीज त्यांत होती. श्रोतेहो, आमचे नाना शंभर वर्षांपूर्वीं डोंबिवलीच्या त्याच पायरीवर सांपडले असते आणि त्यांच्या खिशांत आमच्या पत्त्याची चिठ्ठी नसती, तर ते याच वाटेनें ठाण्याच्या भिंतीआड पोंचले असते. त्या काळच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांचीं कोष्टकें असत. उन्माद, विषण्णता, जडबुद्धि, बुद्धिभ्रंश अशीं त्यांत सदरें. बुद्धिभ्रंशाच्या सदरांत तरुणहि असत आणि वृद्धहि असत. म्हाताऱ्याचें विसरणें आणि तरुणाचें वेड यांत प्रकारभेद आहे, हें अजून स्पष्ट झालेलें नव्हतें.

हा भेद जेथें प्रथम लक्षांत आला, तें ठिकाण आपल्यापासून हजारों मैल दूर आहे. पण सालाचा योगायोग पाहा. ज्या १९०१ सालीं ठाण्याचें इस्पितळ उभें राहिलें, त्याच सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींत फ्रँकफुर्ट शहराच्या वेड्यांच्या इस्पितळांत ऑगुस्टे नांवाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेंत कारकून होता. ती घर विसरूं लागली होती, वस्तु भलत्याच ठिकाणीं लपवूं लागली होती, नवऱ्यावर संशय घेऊं लागली होती. अलॉइस अल्झायमर या तरुण डॉक्टरानें तिच्याजवळ बसून प्रश्न विचारले व तिचीं उत्तरें शब्दशः टिपून ठेविलीं. तिचें नांव विचारलें, तिनें ऑगुस्टे म्हणून सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तरी तिनें ऑगुस्टे असेंच सांगितलें. तिच्या पानांत फुलकोबी वाढलेली होती; काय खातां म्हणून विचारतां ती पालक म्हणाली. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तें तिला पुरें करतां येईना. आणि आपणच आपल्याला हरवलों आहों, अशा अर्थाचे उद्गार तिनें काढले.

या हकीकतींतला एक भाग वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं, पण घर चालविणाऱ्या माणसाला तोच आधीं कळेल. त्या रेल्वेच्या कारकुनाला इस्पितळाची महिन्याची फी झेपेना. बायकोला स्वस्त ठिकाणीं हलवावें, अशी विनंति त्यानें पुनःपुन्हां केली होती. म्हणजे ज्या रोग्यावरून या विकाराला नांव मिळालें, त्या पहिल्या रोग्याच्या घरींसुद्धां ‘हिला ठेवावें कोठें आणि पैसे आणावे कोठून’ हाच प्रश्न होता. ऑगुस्टे १९०६ सालच्या एप्रिलमध्यें तेथेंच वारली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत दिसलेले फेरफार विद्वानांच्या सभेपुढें मांडले, आणि १९१० सालीं त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत त्या विकाराला अल्झायमर यांचें नांव दिलें.

नांव मिळालें, तरी दृष्टि बदलण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. हा विकार पन्नाशी-साठीच्या आंतल्या क्वचित् माणसांना होतो, आणि त्यापुढच्या वृद्धांचें विसरणें म्हणजे केवळ वार्धक्य, अशी समजूत वैद्यकांतहि राहिली. इंग्लंडांत न्यूकॅसल येथील संशोधकांनीं १९६८ च्या सुमारास वृद्धांच्या मेंदूंची तपासणी करून दोहोंचें साम्य दाखविलें, आणि १९७६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट कॅट्झमन यांनीं हा वृद्धांचा एक मोठा व जीवघेणा रोग आहे, असें ठामपणें लिहिलें. म्हणजे ‘साठी बुद्धि नाठी’ या आमच्या म्हणीची जी चूक होती, तीच विलायतेच्या पंडितांचीहि होती.

इकडे आपल्या देशांत इस्पितळांचीं नांवें बदललीं. १९२० नंतर थोड्याच काळांत ‘वेड्यांचें इस्पितळ’ ही सरकारी पाटी जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी आली. परंतु पाटीमागची स्थिति कशी होती, तें १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालावरून दिसतें. इंग्लंडांत मानसिक रुग्णांसाठीं सुमारें तीनशें लोकवस्तीमागें एक खाट होती. हिंदुस्थानांत चाळीस हजारांमागें एक. याच सुमारास कर्नल मूर टेलर यांनीं देशांतील इस्पितळें फिरून पाहिलीं. त्यांच्या मतें बहुतेक ठिकाणें माणसाला कोंडून ठेवण्यासाठीं बांधलेलीं होतीं, बरें करण्यासाठीं नव्हे. आणि माणूसबळ सर्वत्र लाजिरवाणें तुटपुंजें होतें. एका नोकराच्या हातीं पुष्कळ माणसें दिलीं कीं त्याला दोनच उपाय सुचतात, कुलूप आणि दोरी. तो नोकर क्रूर असावा लागत नाहीं. हा धडा आपण आसरा शोधतांना विसरतां कामा नये.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानें मुलांचें कर्तव्य हळूहळू स्पष्ट केलें. १९५६ च्या हिंदु कायद्यांत वृद्ध आईबापांच्या पोटगीची तरतूद आली, १९७३ च्या फौजदारी संहितेंत ती सर्वधर्मीयांना लागू झाली, आणि २००७ सालीं मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्र सरकारनें १९९५ सालीं ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना काढली. आपल्या ठाणें जिल्ह्यांत खडवलीजवळ असा वृद्धाश्रम आहे. परंतु वृद्धाश्रमाची मूळ कल्पना निराधार, पण शुद्धीवर असलेल्या वृद्धाची आहे. त्यानें आपलें आपण उठावें, जेवावें, न्हावें, एवढी अपेक्षा तेथें असते. मीं पाहिलेल्या पहिल्याच वृद्धाश्रमांत बाग सुरेख होती, देवघर होतें, वाचनालय होतें. आणि प्रवेशाच्या कागदावर पहिलीच अट होती कीं, अर्जदार स्वावलंबी व स्मृतियुक्त असावा. व्यवस्थापकबाई मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या वडिलांना आम्ही घेऊं, पण एकदां ते बाहेर पडले तर आम्ही कोठें शोधावें?” त्यांचें म्हणणें मला खोडून काढतां आलें नाहीं.

एका बाजूस वेड्यांचें इस्पितळ, दुसऱ्या बाजूस वृद्धाश्रम, आणि या दोहोंच्या मध्यें राहणारी ही माणसें. त्यांच्यासाठीं तिसरी वाट आपल्याकडे फार उशीरां पडली. १९९२ सालीं केरळांत डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकारानें या विकारासाठीं अखिल भारतीय संस्था निघाली. ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था काढली, आणि ज्या शहराचें नांव घेऊन लोक थट्टा करीत, त्याच शहरांत मनाच्या दुखण्याविषयीं उघडपणें बोलण्याची संवय लोकांना लागूं लागली. १९९५ सालीं निघालेल्या डिग्निटी फाउंडेशननें मुंबईंत अशा वृद्धांसाठीं दिवसाचें केंद्र चालविलें. नालासोपाऱ्याजवळ राजोडी येथें सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेनें याच विकाराच्या वृद्धांसाठीं ‘स्नेहांजली’ हें निवासगृह काढलें. गरजेच्या मानानें हे प्रयत्न थोडे आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें साठीपुढील दर शंभरांत सातांहून अधिक माणसांना हा विकार असून देशांत त्यांची संख्या सुमारें ८८ लाख आहे.

लोकांची समजूत कशी आहे, याचा फार उद्बोधक अभ्यास गोव्यांत झाला. डॉ. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनीं २००१ सालीं तो प्रसिद्ध केला. तेथील लोकांना हा विकार ओळखतां येत होता. पण तो रोग आहे असें त्यांना वाटत नव्हतें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, अशा वृद्धाचें चमत्कारिक वागणें हें मुलांनीं केलेल्या हेळसांडीचें आणि प्रेमाच्या अभावाचें फळ आहे, असें पुष्कळांचें मत होतें. आत्याच्या प्रश्नाचें मूळ मला येथें सांपडलें. रोगाला रोग म्हटलें नाहीं कीं कोणाला तरी अपराधी ठरवावें लागतें, आणि मुलगा व सून हे जवळचे आरोपी. त्याच गोव्यांत पुढें डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८१ कुटुंबांमध्यें एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००८ सालीं आला. साधें प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनीं घरीं जाऊन रोगाची माहिती द्यावी, धीर द्यावा, काय करावें तें सांगावें, एवढेंच त्याचें स्वरूप. आणि तेवढ्यानें सांभाळणाऱ्यांच्या मनावरील भार हलका झालेला दिसून आला. म्हणून माझी विनंति अशी कीं, निवासस्थान शोधण्याआधीं एक पाऊल मागें थांबावें. घरींच मदत मिळून निभाव लागत असेल तर तो लावावा. परंतु निभाव लागत नसेल, तर तो आपल्या प्रेमाचा पराभव मानूं नये.

आतां निवासस्थान योग्य कीं अयोग्य हें ओळखावें कसें? येथें हा सारा इतिहास आपल्या उपयोगी पडतो. जुन्या इस्पितळांत जें जें चुकलें, तें तें येथें विचारावयाचें.

पहिलें, दार. या विकाराचें माणूस चालतें. त्याला चालूं दिलें पाहिजे. जेथें खोलीला कुलूप आहे तें ठिकाण नको, आणि जेथें रस्त्याचें फाटक उघडें आहे तेंहि नको. आंतल्या आंत फिरून परत त्याच जागीं येतां येईल, असें अंगण जेथें आहे, तें पाहावें. जुन्या गांवानें जें ओळखीनें केलें, तें आतां अंगणानें करावयाचें आहे.

दुसरें, रात्रीचे हात. दिवसा सर्वच ठिकाणें चांगलीं दिसतात. रात्रीं दोन वाजतां कितीं माणसांमागें किती परिचारक जागे असतात, तें विचारावें. मीं एका ठिकाणीं, त्याचें नांव घेत नाहीं, हा प्रश्न विचारला, तेव्हां तेथील गृहस्थ म्हणाले, “रात्रीं आम्ही त्यांना शांत ठेवतों.” कसें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, पण एका खाटेच्या पायाला चादरीची गांठ तशीच राहिलेली मला दिसली. तामिळनाडूंत एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां साखळीनें बांधलेलीं २८ माणसें उठून पळूं शकलीं नाहींत. चादर काय आणि साखळी काय, आग लागल्यावर दोन्ही सारखींच.

तिसरें, कायदा. २०१७ सालीं झालेल्या व पुढच्या वर्षीं अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्यानें मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तींत स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाहि समावेश आहे. तेव्हां संस्थेची नोंदणी राज्याच्या प्राधिकरणाकडे झाली आहे का, हें विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. साखळीनें बांधण्यास त्या कायद्यानें मनाई केली आहे. बळजबरीनें डोकें भादरण्यास आणि गणवेष घालावयास लावण्यासहि. नवख्या माणसाला हीं कलमें क्षुल्लक वाटतील. परंतु कपडा आणि केस हें माणसाचें शेवटचें राहिलेलें नांव असतें. नाना आपला जुना पांढरा सदराच घालतात. त्याच्या खिशांत हात घातला कीं तेथें चष्मा असतो, हें त्यांच्या हाताला अजून ठाऊक आहे.

चौथें, भाषा. स्मृति जातांना मागून शिकलेली भाषा बहुधा आधीं जाते, आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. जेथें कोणी मराठी बोलत नाहीं, तेथें मराठी म्हातारा चार दिवसांत मुका होतो, आणि मग तो फार बिघडला असें आपण समजतों.

पांचवें, भेट. न कळवितां भेटीला येऊं देतात का, हें पाहावें; आणि आपण खरोखर जावें. मनोरुग्णालयांत माणूस पोंचवून जातांना खोटा पत्ता देणारे नातलग पूर्वीं होते व आजहि आहेत. भिंत कितीहि उंच असली तरी जाणारें-येणारें माणूस असलें म्हणजे तिच्या आंत फारसें वाईट घडत नाहीं.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आपण पाहिला असेल. त्यांतला स्मृतिभ्रष्ट संस्कृत पंडित हत्तीच्या मागें चालत हरवतो, आणि हत्तीवाल्याची अडाणी, परभाषी बायको त्याला पोटच्या पोरासारखें सांभाळते. तो कोण, किती विद्वान, हें तिला ठाऊक नसतें. मुलीला जुना बाप हवा असतो, म्हणून तिचा जीव तुटतो. त्या बाईला समोर आलेला भुकेला म्हातारा पुरेसा वाटतो. परक्यानें केलेली सेवा ही कमी प्रतीची सेवा असते, ही समजूत मीं तेथें सोडली.

अखेर नानांना योग्य असें ठिकाण आम्हांला सांपडलें. मोठें नाहीं, पंधरा-वीस माणसें, एक अंगण, त्यांत जांभळाचें झाड. खर्च आहे, आणि तो जड जातो. फ्रँकफुर्टच्या त्या कारकुनाची मला आठवण येते. पहिले पंधरा दिवस नाना रोज संध्याकाळीं मानपाड्याला जायचें म्हणून उठत. तेथील परिचारिका त्यांना “हें मानपाडाच आहे” असें म्हणाली नाहीं. ती म्हणाली, “चला, नाना, जाऊं या,” आणि त्यांचा हात धरून तिनें अंगणाच्या तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीनंतर नाना बांकावर बसले व म्हणाले, “आलें वाटतें.” एवढें साधें उत्तर आम्हां शिकलेल्या माणसांना दोन वर्षांत सुचलें नव्हतें.

दिवाळींत आत्याला मीं तेथें घेऊन गेलों. नानांनीं तिला ओळखलें नाहीं. पण कोणी पाहुणी आली आहे, एवढें त्यांना कळलें. त्यांनीं आपल्या पुढची चकलीची बशी तिच्याकडे सरकविली आणि चहा घेतलास का, म्हणून विचारलें. परततांना आत्या वाटेंत फारशी बोलली नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं तिनें आपल्या मुलीला टेलिफोन केला, तेव्हां तिचे शब्द माझ्या कानीं पडले. “दादाला ठाण्याला टाकलें” असें ती म्हणाली नाहीं. ती म्हणाली, “दादा आतां तिकडे राहतो.”

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं असें वडीलमाणूस आहे, त्यांनीं आजच एक गोष्ट करावी. त्याच्या सदऱ्याच्या खिशांत नांव, पत्ता आणि टेलिफोनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. आणि पत्ता लिहितांना गांवाच्या नांवापुढें शहराचें नांव घालण्यास विसरूं नये.